मोठं स्वप्न कुणाच्या जमिनीवर?

कर्जतमध्ये शहराबद्दल बोलणं निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘करायचं तर मोठं करा, नाहीतर करूच नका.’ दुसरं, ‘आहे तेवढं तरी आधी नीट करा.’ पहिलं बोलणाऱ्याच्या मोबाइलमध्ये बहुतेक वेळा एक व्हिडिओ असतो: रुंद रस्ता, काचेच्या इमारती, नदीकाठी दिव्यांची रांग. दुसरं बोलणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा पिशवी असते आणि पायाखाली खड्डा. खोपोलीच्या बाजारपेठेत आणि खालापूरच्या फाट्यावरही हाच वाद, फक्त नावं वेगळी.

वरवर पाहता हा स्वभावाचा वाद वाटतो. काही लोक धाडसी, काही जपून वागणारे. मला तो तेवढाच वाटत नाही. शहराचा मध्यभाग म्हणजे स्टेशन, बाजारपेठ, जुनी कौलारू घरं आणि त्यांच्यामागचे बोळ. हा काही कोरा कागद नव्हे. तिथे काहीही ठरवलं की ते कुणाच्या तरी ओट्यावर, गाळ्यावर, भाड्याच्या खोलीवर जाऊन बसतं. म्हणून मला पडणारा प्रश्न असा आहे: ज्या जागेत दुसरी माणसं राहतात, त्या जागेबद्दल मोठं स्वप्न बघायचा आपल्याला अधिकार किती? आणि उलट बाजूनं, ज्या बदलाची दुसऱ्याला निकड आहे तो ‘सावकाश, सावकाश’ म्हणत अडवून धरायचा अधिकार तरी किती?

आधी एक गोष्ट मान्य करू. ‘मोठं करा’ म्हणणारे सगळे बिल्डरचे दलाल नाहीत. पहाटेच्या लोकलनं सीएसएमटीकडे निघणारी, दोन तास जाण्यात आणि दोन तास येण्यात घालवणारी मुलं-मुली हे म्हणतात, तेव्हा त्यांना काचेच्या इमारतीचं कौतुक असतंच असं नाही. त्यांना काम घराजवळ हवं असतं. रोजचे चार तास म्हणजे आठवड्याचा एक अख्खा दिवस. तो दिवस परत मागणं ही चैन नव्हे.

तसंच ‘जपून’ म्हणणारे सगळे मागासलेले नाहीत. पावसाळा सुरू झाला की शेवळं, टाकळा, कुर्डू घेऊन बाजारात बसणाऱ्या ठाकर आणि कातकरी बायका, जुन्या भाड्याच्या गाळ्यात शिवणयंत्र टाकून बसलेला शिंपी, यांना ‘सुशोभीकरण’ हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. कारण सुशोभित जागेत आपण दिसत नाही हे त्यांनी इतर शहरांत पाहिलेलं असतं.

आता सावधपणाकडे पाहू. सावध माणसाचं एक गृहीतक असतं: आपण काही केलं नाही, तर आहे ते तसंच राहील. कर्जतचा इतिहास सांगतो की हे खरं नाही.

कर्जत स्टेशनचा वडा का प्रसिद्ध झाला? कारण बोरघाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावी लागतात आणि ती कर्जतला लागतात. गाडी थांबते, म्हणून प्रवासी खिडकीतून हात बाहेर काढतो, म्हणून वडा विकला जातो. 1863 साली घाटातला मार्ग सुरू झाल्यापासून या गावाच्या पोटापाण्याचा एक मोठा भाग अशा थांबण्यावर उभा राहिला. आणि 2023 साली सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत बँकर न लावताच घाट चढते. कर्जतनं काहीही ठरवलं नाही, कुठलाही आराखडा केला नाही, तरी पायाखालची जमीन थोडी सरकली.

तीच गोष्ट जमिनीच्या नकाशाची. 2013 साली राज्य सरकारनं नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची, म्हणजे ‘नैना’ची अधिसूचना काढली. त्यात पनवेल, उरण, पेणसोबत कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली गावंही आली आणि नियोजनाचा अधिकार सिडकोकडे गेला. पुढे त्या हद्दी बदलत राहिल्या, पण दिशा बदलली नाही. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग, 29.6 किलोमीटरचा, त्यात वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा, हाही याच चित्राचा भाग. या सगळ्यामुळे जमिनीचा भाव ठरतो आणि भावामुळे शेजार ठरतो. ‘सेकंड होम’च्या पाट्या, भातखाचरांच्या जागी कुंपणं, वीकेंडपुरते दिवे लागणारे बंगले, हे सगळं कुठल्याही भव्य सार्वजनिक योजनेशिवाय झालं.

म्हणजे ‘काही करू नका’ म्हणणारा माणूस खरं तर बदल थांबवत नसतो. बदल कुणी करायचा, हे तो बाजारावर सोडून देत असतो.

असं असेल तर मग ‘मोठं करा’वाल्यांचंच बरोबर म्हणायचं का? तिथेही थांबावं लागतं. कारण या दोन तालुक्यांना मोठ्या स्वप्नांचा जुना अनुभव आहे, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या स्वप्नांचा आहे.

बोरघाटाचा रेल्वेमार्ग हे त्या काळातलं केवढं मोठं काम! ते करताना अपघातांत आणि रोगराईत हजारो मजूर मेले. 1915 साली खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, 1922 साली भिवपुरीचं. लोणावळ्याच्या आणि मावळाच्या बाजूला अडवलेलं पाणी कड्यावरून पाइपांतून खाली आलं आणि त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. अभियांत्रिकी म्हणून हे थक्क करणारं होतं. पण वीज ज्या डोंगराच्या पायथ्याशी तयार झाली, तिथल्याच वाड्यांमध्ये दिवा लागायला पुढे कित्येक दशकं गेली. आणि याच साखळीतल्या पुढच्या धरणासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांची जमीन जाऊ लागली, तेव्हा 1921 साली सत्याग्रह झाला. धरण झालंच.

मी इथे रेल्वे नको होती किंवा वीज नको होती असं म्हणत नाही. मी स्वतः त्याच रेल्वेनं फिरतो. मला एवढंच दिसतं की त्या स्वप्नाचा पत्ता मुंबईचा होता आणि खर्चाचा पत्ता इथला.

शहराच्या मध्यभागाबद्दलही असंच घडलंय. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती करायची. हेतू आरोग्याचा होता आणि तो खोटाही नव्हता. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानानं नव्या खोल्या कमी बांधल्या गेल्या. ज्यांची घरं गेली ते आजूबाजूच्या चाळींमध्ये आणखी दाटीनं राहू लागले. गर्दी हटवण्यासाठी काढलेल्या रस्त्यानं गर्दी फक्त शेजारच्या गल्लीत ढकलली.

1914 साली पॅट्रिक गेडिस नावाचा एक स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ भारतात आला. पुढे 1919 पासून काही वर्षं तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरशास्त्र शिकवत होता. भारतातली कितीतरी शहरं त्यानं पायी फिरून पाहिली. त्याचं म्हणणं साधं होतं. आधी बोळात चाला. प्रत्येक घर, विहीर, झाड, पार नकाशावर मांडा. मग जे घर खरोखर मोडकळीला आलंय तेवढंच काढा, त्या मोकळ्या जागेचा छोटा चौक होऊ द्या. सरळ रस्ता वस्तीतून आरपार घालू नका. चांगला सर्जन जसा गरजेपुरताच कापतो तसं. शहरातल्या माणसांची घडी न मोडता शहर सुधारायची ही पद्धत.

मला गेडिस मनापासून आवडतो. कर्जतच्या बाजारपेठेत किंवा खोपोलीच्या जुन्या वस्तीत त्याच्यासारखं कुणी वहीपेन घेऊन फिरावं असं वाटतं. पण इथेच लेख संपवला तर ते प्रामाणिक होणार नाही. कारण सावधपणाचेही बळी असतात आणि ते मोजले जात नाहीत.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह सापडले. 57 जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदत करणाऱ्यांना अंधारात, पावसात डोंगर चढून जावं लागलं. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. पुढे वाचलेल्यांसाठी चौकजवळ सिडकोनं नवी घरं बांधली.

नवी घरं बांधता येत होती, हे घटनेनंतर सिद्ध झालं. आधी ती का बांधली गेली नाहीत? कुणीही दुष्टपणे ‘बांधू नका’ असं म्हटलेलं नसणार. फक्त कुणी काही केलं नाही. आपण एखादी गोष्ट करतो आणि त्यात माणसं मरतात, तेव्हा जबाबदार कोण हे निदान विचारता तरी येतं. आपण काहीच करत नाही आणि माणसं मरतात, तेव्हा त्याला ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणतात. करण्याला कर्ता असतो. न करण्याचा कर्ता कुठे सापडत नाही. सावधपणाला नैतिकदृष्ट्या जे झुकतं माप मिळतं, त्यामागे मला हीच गफलत दिसते.

आणखी एक गोष्ट. ‘जुनं जपा’ म्हणताना कुणाचं जुनं, हेही विचारायला हवं. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या भाबड्या गौरवावर कडाडून टीका केली होती, ती उगाच नाही. ज्या गावात कुणाचं घर देवळाजवळ आणि कुणाचं वेशीबाहेर हे जातीनं ठरलं, त्या गावाची मूळ रचना सगळ्यांनाच सारखी प्रिय कशी असेल? एखाद्याला वाडा आठवतो, एखाद्याला वाड्याचं मागचं दार आठवतं. दुसऱ्याला नवीन इमारतीतला, जात न विचारता मिळणारा फ्लॅट हे स्वातंत्र्य वाटू शकतं. तो मिळतो का, हा वेगळा प्रश्न.

आणि लहान पावलं नेहमी नम्र असतात असंही नाही. गिरणगावाचं उदाहरण घ्या. 1996 साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटानं गिरण्यांच्या जमिनीचा एकत्र विचार करायला सांगितलं. शहराच्या ऐन मध्यात सलग मोकळ्या जागा, परवडणारी घरं आणि रोजगार असं मोठं चित्र होतं. 2001 साली विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 क्रमांकाच्या नियमात बदल झाला. वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीची न करता फक्त मोकळ्या जमिनीची करायची, असं ठरलं. सार्वजनिक वाटा आक्रसला. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. मग प्रत्येक गिरणी सुटी सुटी विकसित झाली. एकेक टॉवर, एकेक मॉल, आणि त्यांच्यामध्ये तोच जुना अरुंद रस्ता. तुकड्या-तुकड्यानं केलेल्या कामाचा हा नमुना आहे. तिथे गरज होती ती सार्वजनिक महत्त्वाकांक्षेची, आणि नेमकी तीच कमी पडली.

मग रेघ कुठे मारायची? कार्ल पॉपर या तत्त्वज्ञानं 1945 साली लिहिताना समाजसुधारणेचे दोन मार्ग सांगितले. एकात अख्खा आदर्श समाज एकदम उभा करायचा असतो. दुसऱ्यात एकेक दुःख शोधून ते दूर करायचं, चूक झाली तर दुरुस्त करायची. त्याचा कौल दुसऱ्या मार्गाला होता. कारण मोठ्या योजनेत चूक कुठे झाली हे कळेपर्यंत परत फिरायची वाट बंद झालेली असते. मला हे पटतं, पण पुरेसं वाटत नाही. बोगदा अर्धा खणून लोकांना कसा वाटतो ते बघता येत नाही. अर्ध्या शहराला मलनिस्सारण देऊन उरलेल्या अर्ध्या शहराचं सांडपाणी नदीत सोडलं, तर नदी अर्धी स्वच्छ होत नाही.

म्हणून मी मोठं की लहान हा प्रश्न बाजूला ठेवतो आणि दोन वेगळे प्रश्न विचारतो. हे फसलं तर परत फिरता येईल का? आणि फसण्याची किंमत कोण देणार, ठरवणारा की दुसरा कुणी?

या दोन प्रश्नांनी कर्जत-खोपोलीकडे पाहिलं तर एक गंमत दिसते. आपण महत्त्वाकांक्षा आणि सावधपणा यांची नेमकी अदलाबदल केली आहे.

उल्हास नदी कर्जतमधून जाते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. 26 जुलै 2005 चा पूर जुन्या माणसांना आठवतो. 2019 च्या जुलैत याच नदीच्या पाण्यानं खाली बदलापूर–वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावं लागलं. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं: निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोन्ही रेषांच्या मध्ये जपून. नदीकाठी भराव टाकून इमारत उभी केली की परत फिरता येत नाही. पाणी तिथून हटतं आणि पलीकडच्या, उतारावरच्या, स्वस्तातल्या घरांत शिरतं. म्हणजे दोन्ही प्रश्नांची उत्तरं वाईट. इथे कमालीचा सावधपणा हवा. पण इथेच आपण ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणत धाडसी होतो.

उलट जमिनीखालची गटारं, सांडपाणी शुद्धीकरण, पिण्याचं पाणी, चालायला सलग फूटपाथ, पहाटे साडेचारला सुटणारी बस, सार्वजनिक वाचनालय. यात फसून कुणी बेघर होत नाही. फायदा सगळ्यांना मिळतो. इथे मोठं स्वप्न बघायला काय हरकत आहे? पण इथे आपण म्हणतो, ‘बजेट नाही, पुढच्या वर्षी बघू.’

खासगी मजल्यांसाठी मोठं स्वप्न आणि सार्वजनिक गटारासाठी छोटं, हीच आपली सध्याची रीत आहे. मला ती उलटी हवी. जे सगळ्यांचं आहे आणि जमिनीखाली आहे त्याबाबत महत्त्वाकांक्षी व्हा. जे कुणाचं तरी आहे आणि जमिनीवर उभं आहे, त्याला हात लावताना शंभरदा विचार करा.

किमतीचा मुद्दा मात्र उरतोच, कारण कधी ना कधी कुणाला तरी हलावं लागतं. इथे शेजारच्या नवी मुंबईकडे बघायला हवं. मुंबईच्या पलीकडच्या किनाऱ्यावर नवं शहर वसवावं ही कल्पना 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. 1970 साली सिडको स्थापन झाली. कल्पना मोठी होती आणि आज तिथल्या स्टेशनांवर उतरलं की तिच्यातलं बरंच काही बरोबर होतं हे दिसतं. पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना न्याय्य वाटा आराखड्यासोबत मिळाला नव्हता. तो मिळवण्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी 1984 मध्ये गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचं सूत्र त्यानंतर आलं. सूत्र शक्य होतं, मग पाच माणसं आधी का मरावी लागली? मोठ्या स्वप्नाची नैतिक परीक्षा मला इथे दिसते: किंमत आधी ठरते की नंतर, आणि आधी दिली जाते की मागून घ्यावी लागते.

बाजारपेठेच्या पातळीवर याचा अर्थ अगदी रोजचा आहे. जुनी इमारत पाडण्याआधी भाडेकरूच्या हातात नोंदणी केलेला करार हवा, तोंडी आश्वासन नको. स्टेशनसमोरची जागा मोकळी करण्याआधी 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. त्या कायद्यातल्या समितीत 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. फक्त पावसाळ्यात रानभाजी घेऊन येणारी बाई सर्वेक्षण हिवाळ्यात झालं तर यादीत येणारच नाही. कुणाचं स्वप्न कुणाला पुसून टाकतं, हे इतक्या छोट्या गोष्टीवर ठरतं.

माझ्या या म्हणण्यावर एक खरा आक्षेप आहे. आधी करार, आधी सर्वेक्षण, आधी पूररेषा असं करत बसलो तर दहा वर्षं जातील आणि तोवर लोकलमध्ये लटकणारी मुलं म्हातारी होतील. उशिरालाही किंमत असते आणि ती मी वर स्वतःच मोजली आहे. मी एवढंच म्हणेन की हा उशीर सगळ्यांना सारखा लागायला हवा. आज भाडेकरूच्या कराराला उशीर होतो, इमारतीच्या परवानगीला होत नाही. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच दिवशी ठेवा. मग बघा, कराराचं काम किती झटपट होतं.

विकास आराखडा जाहीर झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, सुनावणी बहुतेक कामाच्या दिवशी असते. त्या वेळी ज्यांचं आयुष्य या शहरात अजून चाळीस-पन्नास वर्षं जायचंय, ती मंडळी ठाण्याला किंवा दादरला ऑफिसात असतात. हरकत घ्यायला जमीनमालक येतो, कारण त्याच्याकडे वकील असतो. म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर एखाद्या भव्य प्रकल्पाचा व्हिडिओ आला, तर तो शेवटपर्यंत बघा आणि तीन गोष्टी शोधा. सांडपाणी कुठे जातं? आत्ता तिथे बसणारी माणसं कुठे गेली? आणि पाऊस कुठे आहे? अशा व्हिडिओत ऊन नेहमी कोवळं असतं. कर्जतमध्ये वर्षाचे चार महिने ते तसं नसतं. उत्तर सापडलं नाही तर नगर परिषदेकडे लेखी हरकत पाठवा. साध्या कागदावर, मराठीत, आपल्या सहीनं. त्याला वकील लागत नाही.